खेळाडूला फी माफ, हुशाराला फक्त टाळ्या? स्कॉलरशिपचा पैसा नेमका कुठून येतो

आपल्या पॉडकास्टचा हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, किंवा ज्यांचा आजचा नेटपॅक संपलाय, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे' जरा कमी केलेत.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून आला. मेसेज चाळीसगावचा. एक ताई विचारतेय:

"दादा, माझ्या वर्गातला एक मुलगा कबड्डी खेळतो, विद्यापीठाच्या संघात आहे. कॉलेजने त्याची फी माफ केली. मला बारावीला ८६ टक्के होते, पण मला कुणी एक रुपया सोडला नाही. आता आमचा धाकटा भाऊ दहावीला आहे. तो म्हणतो, क्लास बंद करतो, मैदानावर जातो, स्कॉलरशिप तिकडेच आहे. तो बरोबर बोलतोय का?"

प्रश्न चांगला आहे, आणि तो एकट्या ताईचा नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर हे वाक्य ऐकू येतं: "काय भो, अभ्यास करून काय भेटतं? खेळणाऱ्याला सगळं फ्री."

मी आधीच उत्तर सांगून टाकतो, मग कारणं बघू. एका डोक्यामागचा पैसा मोजला तर वरच्या पातळीच्या खेळाडूला जास्त मिळतो, हे खरंय. पण किती डोकी, हे मोजलं तर चित्र पार उलटं होतं. आणि यातला बहुतेक पैसा कॉलेजचा नसतोच. ज्याला आपण 'कॉलेजने स्कॉलरशिप दिली' म्हणतो, तिथे पुष्कळदा कॉलेज फक्त फॉर्म पुढे पाठवणारं ऑफिस असतं.

आधी खिसे ओळखा

स्कॉलरशिपचा पैसा तीन खिशांतून येतो.

पहिला खिसा सरकारचा. आपल्याकडे महाडीबीटी नावाचं पोर्टल सगळ्यांना माहीत आहे. अनुसूचित जातीची भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीच्या योजना, खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, हे सगळं तिथे. आता गंमत बघा. या योजना मुख्यतः दोन गोष्टी विचारतात: तुमचा प्रवर्ग कोणता आणि घरचं उत्पन्न किती. पोस्ट मॅट्रिकसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, शाहू महाराज योजनेसाठी ८ लाख. तुम्हाला ६० टक्के आहेत की ९०, यावर रक्कम बदलत नाही. तुम्ही कबड्डी खेळता की नाही, यावरही बदलत नाही. म्हणजे चाळीसगावच्या कॉलेजात सगळ्यात जास्त मुलांपर्यंत जी मदत पोचते, ती 'खेळ की अभ्यास' या भांडणात पडतच नाही. ती विचारते, शिकायला पैसे आहेत का? आणि तेच बरोबर आहे.

दुसरा खिसा कॉलेजचा स्वतःचा. आता आपल्याकडच्या अनुदानित कॉलेजचा हिशोब समजून घ्या. प्राध्यापकांचा पगार सरकार देतं. फी किती घ्यायची, याला नियम आहेत. संस्थेच्या हातात मनासारखा वाटायला पैसा फारच थोडा उरतो. त्यातून एखाद्या खेळाडूची फी माफ होते, बूट आणि किट मिळतं, स्पर्धेला जायचा खर्च मिळतो. एखाद्या हुशार पण गरीब मुलाची फी 'गरीब विद्यार्थी निधी'तून भरली जाते. कुणा देणगीदाराच्या नावाने पहिल्या आलेल्याला बक्षीस असतं. अनुदानित बीए, बीएस्सीची फीच मुळात इंजिनिअरिंगसारखी मोठी नसते, त्यामुळे ताईच्या वर्गातल्या त्या मुलाची जी फी माफ झाली, ती रक्कम ऐकायला मोठी आणि मोजायला छोटी असण्याची शक्यता जास्त. त्याचा खरा खर्च दूध, अंडी, बूट, प्रवास आणि दुखापतीचा असतो. तो कोण भरतं, हे त्यालाच एकदा विचारून बघा.

तिसरा खिसा मोठ्या खासगी विद्यापीठांचा. तिथे फी लाखांत असते, त्यामुळे 'शंभर टक्के फी माफ' या शब्दाला वजन असतं. तिथे खेळावर सवलत देतात आणि मार्कांवरही देतात. हा खिसा वेगळ्या कारणांनी उघडतो, त्यावर थोड्या वेळाने येतो.

मार्कांची किंमत किती?

आता थोडे आकडे. वहीत लिहून घ्या, किंवा स्क्रीनशॉट काढा.

महाडीबीटीवर अनुसूचित जातीच्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी एक गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे, तीही राजर्षी शाहू महाराजांच्याच नावाने. दहावीला ७५ टक्के किंवा जास्त हवेत. रक्कम? महिन्याला ३०० रुपये, दहा महिने. वर्षाचे ३,००० रुपये.

आठवीत एनएमएमएस परीक्षा पास झालात तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. देशभरात दरवर्षी एक लाख मुलांना.

बारावीनंतर केंद्र सरकारची एक योजना आहे, सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप. आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत जे विद्यार्थी वरच्या २० टक्क्यांत येतात आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आहे, त्यांच्यासाठी. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये, पुढे पदव्युत्तरला २०,०००. दरवर्षी देशात ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी राखीव.

आणि बीएस्सी करणाऱ्यांसाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती, मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत. पण त्यासाठी बोर्डात अगदी वरच्या एक टक्क्यात यावं लागतं, नाहीतर जेईई, नीटसारख्या परीक्षेत वरचा क्रमांक लागतो.

ताई, इथे जरा थांब. ८६ टक्के, आणि मुलगी. सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिपचा फॉर्म तू बारावीनंतर, पहिल्या वर्षाला असताना भरला होतास का? तो फॉर्म महाडीबीटीवर नसतो, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर असतो. नवा अर्ज बारावी झाली त्याच वर्षी करायचा असतो, पुढे फक्त नूतनीकरण. आपल्याकडे कितीतरी मुलींना हे पोर्टल वेगळं आहे हेच माहीत नसतं. सायबर कॅफेवाला महाडीबीटीचा फॉर्म भरतो, पावती देतो, आणि आपल्याला वाटतं स्कॉलरशिपचं काम झालं. म्हणजे होऊ शकतं की तुझा पैसा कबड्डीने नेला नाही, तो न भरलेल्या फॉर्ममध्येच राहिला.

खेळाची किंमत किती?

आता दुसरी बाजू. २०१७-१८ पासून केंद्राची खेलो इंडिया योजना नव्या रूपात सुरू झाली. त्यात निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला १०,००० रुपये हातखर्चासाठी मिळतात, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. प्रशिक्षण, राहणं, खाणं, स्पर्धा असा सगळा खर्च धरून एका खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद आहे.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. हुशार मुलाला वर्षाला १२,०००. निवडलेल्या खेळाडूला फक्त हातखर्चाचे १,२०,०००. दहापट! ताईचा भाऊ इथपर्यंत बरोबर आहे.

पण आता डोकी मोजा. सेंट्रल सेक्टरच्या ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दर वर्षी. खेलो इंडियाचे खेळाडू सगळे मिळून, सगळ्या खेळांतले, सगळ्या राज्यांतले, तीन हजारांच्या आतबाहेर. त्यात कबड्डीच्या वाट्याला किती येतील, त्यात महाराष्ट्राला किती, त्यात खान्देशला किती, तुम्हीच अंदाज करा. आणि एकदा निवड झाली की कायमचं झालं, असंही नाही. दरवर्षी कामगिरी तपासतात. कामगिरी घसरली तर नाव जातं.

शिवाय हा पैसा कॉलेज देत नाही. क्रीडा खातं देतं. आणि ते देतं पदक मिळवण्यासाठी. मार्कांची शिष्यवृत्ती म्हणते, 'शिक, कुठेतरी पोचशील.' खेळाची म्हणते, 'या तारखेला या स्पर्धेत एवढी कामगिरी दाखव.' दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो, स्कॉलरशिप, म्हणून घोळ होतो.

मग कॉलेज खेळाडूच्या मागे का लागतं?

तरी एक गोष्ट कट्ट्यावरची मंडळी बरोबर बघतात. अॅडमिशनच्या दिवसांत क्रीडा संचालक सर चांगल्या खेळाडूला फोन करतात, घरी येतात. ८६ टक्केवालीच्या घरी कुणी येत नाही. का बरं?

कारण पदक दिसतं. महाराष्ट्रात विद्यापीठांच्या तीन मोठ्या स्पर्धा आहेत: खेळांची 'अश्वमेध', कलांची 'इंद्रधनुष्य' आणि संशोधनाची 'आविष्कार'. आता खरं सांगा, तुमच्या शहरात 'आविष्कार'मध्ये पोस्टर सादर करून बक्षीस आणलेल्या मुलीचा बॅनर चौकात लागलेला कधी बघितलाय? कबड्डीचा, कुस्तीचा लागतो. पेपरात फोटो येतो, संस्थेच्या अध्यक्षांसोबत.

दुसरं कारण कागदावरचं. नॅक कॉलेजांची तपासणी करतं, तेव्हा विद्यार्थ्यांनी खेळात आणि सांस्कृतिक स्पर्धांत किती पदकं आणली, याचीही नोंद मागतं. हां, पण त्याच नॅकच्या त्याच भागात किती विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळाली, किती जण पुढच्या शिक्षणाला गेले, तेही विचारलेलं असतं. म्हणजे पदक मोजतात, पण फक्त पदक मोजत नाहीत. आणि एनआयआरएफची जी देशपातळीवरची क्रमवारी निघते, तिच्या पाच मुख्य निकषांत शिकवणं आहे, संशोधन आहे, विद्यार्थी पुढे काय झाले ते आहे, सर्वसमावेशकता आहे, लोकांचं मत आहे. खेळ नावाचा निकष नाही.

तिसरं कारण खासगी विद्यापीठांचं. विद्यापीठ पातळीवरच्या खेळांत सगळ्यात चांगली कामगिरी करणाऱ्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक मिळतो, 'माका ट्रॉफी' म्हणतात त्याला. राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांसोबत तो राष्ट्रपतींच्या हस्ते देतात. अलीकडच्या वर्षांतल्या विजेत्या-उपविजेत्यांची नावं बघा: अमृतसरचं गुरू नानक देव विद्यापीठ, चंडीगड विद्यापीठ, लव्हली प्रोफेशनल विद्यापीठ. बहुतेक सगळी पंजाबातली. त्यातलं गुरू नानक देव विद्यापीठ सरकारी आहे, बाकी दोन खासगी. खासगी विद्यापीठाला असा करंडक म्हणजे वर्षभराची जाहिरात. ऑलिम्पिकच्या संघात आपले दोन-चार विद्यार्थी असले की पुढच्या वर्षीच्या होर्डिंगचं काम झालं. फी माफ केलेला खेळाडू त्यांच्यासाठी खर्च कमी आणि जाहिरात जास्त असतो. यात चूक काही नाही, पण घेणाऱ्याला हे माहीत असलं पाहिजे. जो तुमच्या खेळावर पैसा लावतो, तो तुमचा खेळ थांबला की काय करणार, हे आधी विचारायचं.

जागा वेगळी, पैसा वेगळा

अजून एक गोंधळ साफ करू. खेळामुळे मिळणाऱ्या पुष्कळ गोष्टी स्कॉलरशिप नसतात, सवलत असतात. अकरावी प्रवेशात खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ते जागा देतं, फी देत नाही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पातळीनुसार जास्तीत जास्त २५. दिल्ली विद्यापीठात खेळाडूंसाठी ५ टक्क्यांपर्यंत जादा जागा असतात, पण तिथेही सीयूईटी परीक्षा द्यावीच लागते.

आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रवेश सुरू केला. प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन जादा जागा, त्यातली एक मुलीसाठी. ऐकून वाटतं, वा, आता जॅव्हलिन फेकून आयआयटी! पण नियम वाचा. आधी जेईई अॅडव्हान्स्ड पात्र व्हावं लागतं, मग राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पदकाचा हिशोब. खेळ तिथे अभ्यासाच्या जागी येत नाही, अभ्यासाच्या वर येतो.

आणि आपल्याकडची सगळ्यात मोठी सवलत, जिच्यासाठी पहाटे पाच वाजता मैदानावर पोरं धावतात, ती म्हणजे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. चाळीसगावच्या पोराला खेळातून खरं काय हवं असतं? पोलीस भरती, रेल्वे, सैन्य. फीमाफी हा मधला थांबा आहे. हे आरक्षणही कॉलेज देत नाही, आणि तुमचं प्रमाणपत्र मान्य खेळाचं, मान्य स्पर्धेचं आणि ठरलेल्या पातळीचं असेल तरच लागू होतं. ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण राज्यात किती गाजलं, आठवतंय ना? तेव्हापासून तपासणी कडक झालीय. एखाद्या 'ऑल इंडिया' नावाच्या स्पर्धेत पैसे भरून आणलेला कागद तिथे चालत नाही, उलट गुन्हा अंगावर येतो.

अमेरिकेचं ते रील

आता तुमच्यातले बरेच जण म्हणतील, दादा, अमेरिकेत तर खेळावर फुल स्कॉलरशिप मिळते, मी रील बघितलंय. मिळते. हा सगळा वाद मुळात तिथूनच आलाय. तिथे कॉलेजचं फुटबॉल आणि बास्केटबॉल टीव्हीवर चालतं, मोठी स्टेडियम भरतात, म्हणून कॉलेज खेळाडूवर स्वतःचा पैसा लावतं. जून २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने एक तडजोड मंजूर केली, त्यानंतर मोठी कॉलेजं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात, एका कॉलेजला पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

पण तिथेही सगळं असं नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ज्या आयव्ही लीगमध्ये आहेत, तिथे खेळावर स्कॉलरशिप देतच नाहीत. घरची परिस्थिती बघून मदत देतात. एनसीएए ही तिथली कॉलेज खेळांची मोठी संघटना. तिचा तिसरा विभाग आहे, तिथेही खेळाची स्कॉलरशिप नाही. आणि एनसीएएच सांगते की शाळेत खेळणाऱ्या मुलांपैकी साधारण २ टक्के मुलांना कॉलेजची खेळाची स्कॉलरशिप मिळते. शंभरात दोन! त्यातही वरच्या विभागात खेळायचं तर शाळेतले ठरलेले १६ मुख्य विषय आणि किमान सरासरी लागते. रीलमध्ये ते दोघे दिसतात. बाकीचे अठ्ठ्याण्णव रील बनवत नाहीत.

आपल्या मातीतली तीन उदाहरणं

पहिलं उदाहरण कोल्हापूरचं. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ ला हेलसिंकीला जायचं होतं, पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण तिच्यात एक कडू गोष्टही आहे: कॉलेजकडे खेळाडूला पाठवायला पैसा नव्हता, म्हणून एका माणसाला घर गहाण ठेवावं लागलं. आपल्या कॉलेजांनी खेळाडूंवर पैसा उधळला, असं म्हणणाऱ्याने हे आठवावं.

दुसरं उदाहरण स्वप्नील कुसाळेचं. तोही कोल्हापूर जिल्ह्यातलाच, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्य. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. स्वप्नील २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, पुढे रेल्वेत नोकरीला लागला. म्हणजे त्याला घडवणारा पैसा बघितला तर सरकारी निवासी योजना आणि सरकारी नोकरी. मध्ये कुठल्या कॉलेजची स्कॉलरशिप ठळक दिसत नाही.

तिसरं उदाहरण तर आपल्या तालुक्यातलंच आहे, आणि ते अभ्यासाचं आहे. पाटणादेवीला तुम्ही फिरायला जाता, सेल्फी काढता. तिथल्या पाटण गावातला एक शिलालेख प्रसिद्ध आहे, इ.स. १२०७ चा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेव आणि हेमाडिदेव यांनी त्याला दान दिलं, अशी नोंद त्यात आहे. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावरचा, तेलाच्या घाण्यांवरचा ठरावीक वाटा मठाला द्यायचा, असं त्यात ठरवलंय. आठशे वर्षांपूर्वी चाळीसगाव तालुक्यात गणित शिकण्यासाठी गावाच्या बाजारपेठेतून पैसा लावलेला होता! एकदाची देणगी देऊन मोकळे झाले नाहीत. दरवर्षी पैसा येत राहील, अशी सोय केली.

मला यातून एवढंच सांगायचंय: शिकणाऱ्याला आणि खेळणाऱ्याला पैसा द्यायची जबाबदारी कुणीतरी नीट, दरवर्षीसाठी उचलावी लागते. ती उचलली नाही की मग एका वर्गातली दोन पोरं, एक कबड्डीवाला आणि एक ८६ टक्केवाली, एकमेकांच्या ताटाकडे बघत बसतात. दोघांची ताटं अर्धीच असतात.

ताईच्या भावाला काय सांगायचं?

ताई, भावाला मैदानावरून ओढून आणू नकोस. पण क्लास बंद करून नको. तीन कारणं सांग.

एक, स्कॉलरशिपच्या पातळीचा खेळ म्हणजे गल्लीत नंबर वन असणं नव्हे. राज्य पातळीवर निवड होतेय का, कधीपर्यंत होईल, हे त्याच्या प्रशिक्षकाला सरळ विचार. चांगला प्रशिक्षक खोटं सांगत नाही.

दोन, गुडघा. कबड्डीत गुडघ्याचं लिगामेंट गेलं की वर्ष जातं, कधी खेळच जातो. त्या दिवशी हातात दहावीचे मार्क आणि चालू असलेलं शिक्षण असेल तर पोरगा उभा राहतो. नाहीतर सवलतही गेली आणि शाळाही.

तीन, वर सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक खेळाच्या दारावर एक परीक्षा उभी आहे. सीयूईटी, जेईई, पोलीस भरतीची लेखी परीक्षा. मैदानी चाचणीत पूर्ण गुण घेऊन लेखीत मागे पडलेली मुलं तुमच्याही ओळखीत असतील.

आणि आता कामाची यादी

खेळाडूंसाठी:

– कुणी 'फी माफ' म्हटलं की विचारा: कोणती फी? ट्यूशन फी, परीक्षा फी, हॉस्टेल, मेस? एका वर्षासाठी की पूर्ण कोर्ससाठी? दुखापत झाली तर? उत्तर लेखी घ्या.

– प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र जपा. नोकरीच्या आरक्षणासाठी पडताळणी लागते. आपलं काम क्रीडा खात्याच्या नाशिक विभागीय कार्यालयाकडे येतं. भरतीची जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच करून ठेवा.

– स्पर्धेला, शिबिराला जाताना क्रीडा संचालकांचं पत्र वर्गशिक्षकांकडे पोचलंय ना बघा. बऱ्याच सरकारी शिष्यवृत्त्यांना ७५ टक्के हजेरी लागते. खेळता खेळता हजेरी गेली तर दुसऱ्या खिशातला पैसाही जातो.

अभ्यास करणाऱ्यांसाठी:

– दोन्ही पोर्टल वेगळी आहेत. महाडीबीटी आणि नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल, दोन्ही स्वतः उघडून बघा. तुमचा मोबाइल आहे, तुमचा ओटीपी आहे, कॅफेवाल्यावर सगळं सोडू नका.

– नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून पुढे आपोआप येत नाही.

– उत्पन्नाचा दाखला निकाल लागायच्या आधी काढा. निकालानंतर तहसीलमध्ये रांग लागते.

– बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तपासा. पैसा मंजूर होऊनही अडकतो, त्याचं हे एक नेहमीचं कारण.

– मुलींनो, व्यावसायिक कोर्सला कॅप राउंडमधून प्रवेश घेत असाल, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत असाल, तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कॉलेजने भरायला सांगितलं तर निर्णय दाखवा.

आणि दोघांसाठी एक: आपल्या कॉलेजात जाऊन नम्रपणे विचारा, 'सर, संस्थेच्या स्वतःच्या पैशातून या वर्षी किती जणांना मदत दिली, आणि कशाच्या आधारावर?' हा प्रश्न भांडणाचा नाही. नियम नोटीस बोर्डवर लावलेला असला तर कट्ट्यावरची निम्मी कुजबुज तिथेच संपते, आणि खेळाडू पोरालाही 'तुझं काय भो, सगळं फुकट' हे ऐकावं लागत नाही.

आज इतकंच. यातलं काही तुमच्या धाकट्या भावंडांच्या कामाचं असेल तर लिंक घरच्या ग्रुपवर टाका. तुमचा फॉर्म कुठे अडकला असेल, तर व्हॉइस मेसेज पाठवा. पण मेसेजमध्ये आधार नंबर आणि ओटीपी सांगू नका. भेटू पुढच्या भागात. राम राम!